इथले पाच, घरचे साडेसात

इथले आठ, घरचे साडेदहा

"वहिनी, आज रात्री आठपर्यंत काय ते सांग हं. गाडीवाला त्यापुढं थांबायचा नाही."

"कुठले आठ?"

"कुठले म्हणजे काय? आपले!"

आपले आठ म्हणजे इथले साडेपाच. मनगटावरचं घड्याळ मी घरच्या वेळेवरच ठेवलं होतं. ह्यांची एकची गोळी, आठची गोळी, मधला दुधाचा कप, सगळं त्या घड्याळात होतं. अडीच तास वजा केले की माझा दिवस कळायचा. तो मला फारसा लागतही नव्हता.

वसू माझी धाकटी नणंद. बेळगावला असते. ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. उजवं अंग गेलं आणि बोलणं ओंजळभर उरलं. रेल्वेत गार्ड होते हे, शिट्टीपेक्षा आवाज मोठा. त्या सहा वर्षांत मी मिरजेबाहेर एक रात्र काढली नव्हती. भरवणं, पुसणं, कूस बदलणं. मग दोघी मैत्रिणींनी मला ग्रीसच्या सहलीला ओढून काढलं, आणि दहा दिवस भावाजवळ राहायला वसू आली. आज सहावा दिवस.

"खालची खोली तयार आहे माझ्याकडं," वसू सांगत होती. "दार रुंद करून घेतलंय, चाकाची खुर्ची सरळ आत जाते. उद्या सकाळी निघतो. तू यायच्या आत नेते दादाला, म्हणजे तुलाही सोपं आणि त्यालाही."

"कायमचं?"

"कायमचं."

गच्चीच्या कठड्याखाली समुद्र होता, इतका निळा की खोटा वाटावा. एक पांढरी मांजर पांढऱ्या भिंतीवरून चालली होती आणि मला फक्त तिची सावली दिसत होती.

मी लगेच नाही म्हणाले नाही. त्याची लाज मला दिवसभर पुरली. माझ्या मनात सगळ्यात आधी काय आलं असेल, तर झोप.

"इंदे! खाली ये!" ज्योत्स्ना ओरडली. "आपण कार्यक्रमाच्या सात मिनिटं मागं आहोत!"


इथले साडेनऊ, घरचे बारा

ज्योत्स्ना दिवेकर मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. तीस वर्षं फळ्यावर ग्रीक खांब काढले, आता खरे बघायचे, म्हणून ही सहल. लग्न केलं नाही. "वेळापत्रकात बसलं नाही," असं स्वतःच सांगायची. तिनं दिवसाचा कार्यक्रम टाईप करून दोन कागद लॅमिनेट करून आणले होते.

बिल्किस मुजावर आमच्याच वर्गातली. पोस्टात होती. माहेर दर्ग्याच्या मुजावरांचं, म्हणजे दर्ग्याची देखभाल पिढ्यानपिढ्या त्यांच्या घरात.

"दहा पंधरा," ज्योत्स्नानं बसमध्ये वाचून दाखवलं. "संगमरवरी खांब. वीस मिनिटं. पाणी पिऊन घेणे."

"आणि नाही प्यायलं तर?" बिल्किसनं विचारलं.

"तर अकरा पाचला तहान लागेल, तेव्हा डोंगर आहे."

बस रिकामीच होती. ड्रायव्हरनं गाणं लावलं, त्यात कुणीतरी एकच ओळ पुनःपुन्हा लांबवत होतं. पाच मिनिटांत ज्योत्स्नाची मान बिल्किसच्या खांद्यावर, दहा मिनिटांत बिल्किसची खिडकीवर. मी जागी होते.

खांब डावीकडून गेले. पाच होते, एक मोडका. त्यांच्यामागं समुद्र उभा होता.

मी दोघींना उठवलं नाही. बस थांबू नये एवढंच मला वाटत होतं. बस चालत होती तोवर माझं कुणाला काही सांगायचं राहिलं होतं, आणि ते राहू शकत होतं.

घरचा एक वाजला तेव्हा आम्ही डोंगरात होतो. फोनला रेंज नव्हती. वसूनं गोळी दिली असेल. नसेलही. सहा वर्षांत मी पहिल्यांदा एक वाजताना नुसता बघितला.


इथले साडेअकरा

शेवटचं गाव. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं, उतरला आणि एका झाडाखाली जाऊन सिगरेट ओढू लागला.

"खांब कुठायत?" ज्योत्स्ना.

"झाले," मी म्हणाले.

"झाले म्हणजे?"

"मागं गेले."

"आणि तू काय करत होतीस?"

"बघत होते."

ज्योत्स्नानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं ती बहुतेक उशिरा येणाऱ्या मुलींकडं बघायची. बिल्किस हसायला लागली ती थांबेना. "तीस वर्षं खांब काढले आणि खांब आले तेव्हा बाई झोपलेल्या!"

परतीची बस सहाला होती. त्या गावात बघण्यासारखं काय आहे, हे लॅमिनेशनच्या आत कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग आम्ही नुसत्या चालत सुटलो. पांढऱ्या भिंती, निळी दारं, दारात वाळत घातलेली ओवा-पुदिन्यासारखी कसलीशी पानं. माणूस नाही. ऊन एवढं की आवाजसुद्धा सावलीत बसलेला.


इथले पाऊण, घरचे सव्वातीन

गावाबाहेर, उतारावर, एक चर्च. आपल्याकडच्या मारुतीच्या देवळाएवढं. दार उघडं.

चपला कुणी काढायला सांगितल्या नाहीत. विचारही केला नाही. तिघींनी उंबऱ्याबाहेर पाय मोकळे केले, बिल्किसनं ओढणी डोक्यावर घेतली, मी पदर नव्हता म्हणून रुमाल घेतला, आणि आत गेलो.

आत गार होतं. लादी पायाला पाण्यासारखी लागत होती. समोर चांदीच्या पत्र्यात मढवलेला एक देवदूत. पंख, चिलखत, हातात तलवार, आणि चेहरा मात्र एखाद्या वर्गात न बोलणाऱ्या मुलाचा.

"वास तसाच आहे गं," बिल्किस कुजबुजली. "मेण, ऊद आणि बायकांचं मागणं."

"ह्याच्या पायाशी ते काय ठेवलंय?" ज्योत्स्नानं चष्मा वर केला.

अंधारात नीट दिसलं नाही. आम्ही मेणबत्त्या लावल्या. दोघींनी डोळे मिटले. मी काय मागणार? हे जाऊ देत, असं मागू की हे जाऊ नयेत, असं? मी त्या देवदूताकडं नुसती बघत राहिले.

बाजूचं लहान दार मागच्या अंगणात उघडत होतं. तिथून पूर्ण समुद्र दिसायचा. आम्ही तिथं बराच वेळ उभ्या होतो. किती, ते घड्याळाला माहीत. मागं कुठंतरी कडी वाजल्यासारखं झालं. ते मला नंतर आठवलं.

वळसा घालून पुढं आलो. दाराला कुलूप होतं, बाजूच्या दाराला आतून कडी.

उंबऱ्याबाहेर काहीही नव्हतं.


तिथंच

"चोरी," ज्योत्स्ना म्हणाली. "युरोपात!"

"माझ्या चपला कोण चोरणार? मिरजेतही कुणी चोरल्या नाहीत," मी म्हणाले.

बिल्किसनं खिडकीला दोन्ही हात लावून आत डोकावलं. मग बाजूला सरून आम्हाला जागा दिली.

देवदूताच्या पायाशी पादत्राणांची रांग होती. लहान बाळाचे लोकरी बूट, पत्र्याचे बूट, मखमली सपाता, एक सैनिकी जोड. आणि रांगेच्या टोकाला, टाचा भिंतीकडं करून नीट मांडलेले, ज्योत्स्नाचे गुडघ्यांसाठी डॉक्टरनं करून दिलेले जाड बूट, बिल्किसच्या तपकिरी चपला आणि माझ्या काळ्या सॅन्डल.

"वाहिल्या," बिल्किस म्हणाली. "कुणीतरी आपल्या चपला देवाला वाहिल्या."


इथले दोन

कुलपाची किल्ली कुणाकडं आहे ते शोधायला आम्ही गावात निघालो. रस्ता तव्यासारखा. भिंतीकडेला वीतभर सावली होती, तिच्यावरून एकीमागं एक. ज्योत्स्नाला ते गुडघ्यांमुळं जमेना. तिनं पिशवीतून दोन्ही लॅमिनेट कागद काढले, पायांना लावले आणि केसांच्या रिबिनीनं बांधले. दहा पावलं गेली आणि उतारावर सरळ बसली.

"कार्यक्रम घसरला," बिल्किस म्हणाली.

"हसू नकोस. उठव मला."

"सात मिनिटं मागं आहेस, सावकाश ऊठ."

एक छोटा टेम्पो आला, मागं कलिंगडं. चालवणारा म्हातारा थांबला आणि आमच्या सहा पायांकडं बघून त्यानं टोपी काढली. त्याला थोडं इंग्रजी येत होतं, ज्योत्स्नाला बरंच. हातवारे करत त्यानं जे सांगितलं ते असं: हा देवदूत मिखाईल. तो रात्रभर बेटावर फिरतो, कोण आजारी, कोण समुद्रात, ते बघत. त्याचे बूट झिजतात. म्हणून लोक नवे आणून दारात ठेवतात. चर्च सांभाळणारी इव्हदोकिया ते उचलून त्याच्यापुढं मांडते. आता ती झोपलीय. पाचपर्यंत कुणी उठवायचं नाही, सगळं गाव झोपलंय.

"आम्ही वाहिले नाहीत," ज्योत्स्ना म्हणाली. "आम्ही फक्त काढले."

"का काढले?" म्हाताऱ्यानं विचारलं.

ह्याचं उत्तर आम्हा तिघींपैकी एकीलाही इंग्रजीत देता आलं नाही. त्यानं एक कलिंगड दिलं आणि निघून गेला.


इथले तीन, घरचे साडेपाच

चर्चसमोर तुतीचं झाड होतं, भोवती दगडी पार. त्यावर आम्ही आडव्या झालो. कलिंगड दगडावर आपटून फोडलं, हातांनी खाल्लं. माशी घोंघावत होती, की दूर बोट होती? पानांतून ऊन हलत होतं आणि त्यामुळं झाडच समुद्राच्या तळाशी असल्यासारखं वाटायचं.

"एक विचारू?" बिल्किस म्हणाली. "खांब दिसले तेव्हा उठवलं का नाहीस?"

मग मी सांगितलं. आडवी असल्यामुळं सांगता आलं. वर पानं होती, चेहरे नव्हते. वसू काय म्हणाली, रुंद दार, उद्याची गाडी, आठची वेळ.

ज्योत्स्ना ताबडतोब म्हणाली, "हो म्हण."

"असं कसं?"

"असं. सहा वर्षं झाली. तुझी पाठ बघ. तू मला सांग, शेवटचं पुस्तक कधी वाचलंस? शेवटचं भांडण कधी केलंस? फोन लाव आणि हो म्हण, पाचला बूट मिळतील, सहाला बस."

"लोक म्हणतील, नवरा टाकून फिरायला गेली."

"लोक कूस बदलायला येतात का?"

मी बिल्किसची वाट बघत होते. तिचा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचं मत मला हवं होतं आणि त्याची भीतीही वाटत होती.

"चपला परत मागणं मला बरं नाही वाटत," ती वेगळंच बोलली. "मी माझ्या चपला मागणार नाही. एकदा त्याच्यापुढं ठेवल्या, ठेवल्या. आमच्या घरात हेच शिकलो. चढवलेली चादर कुणी परत न्यायची नसते."

"आणि मी? अनवाणी मिरजेला जाऊ?" ज्योत्स्ना उठून बसली.

"तू माग. मागणाऱ्याला अब्बा कधी नाही म्हणाले नाहीत." बिल्किसनं कलिंगडाची बी थुंकली. "एकदा एक बाई आली होती. लेकरू बरं झालं म्हणून बांगड्या चढवून गेली. महिन्यानं परत आली, रडायला लागली, म्हणाली आईच्या होत्या, राहवत नाही. आम्हाला वाटलं अब्बा रागावतील. त्यांनी पेटी उघडली आणि दिल्या. म्हणाले, ज्याला दिल्या त्याला गरज नाही, हिला आहे."

"म्हणजे मी काय करू?" मी विचारलं.

"मी चपलांचं बोलतेय, इंदे."

ज्योत्स्ना पुन्हा आडवी होऊन घोरायला लागली. मग बिल्किसही. मग

मी झोपले. सहा वर्षं मी कानाला दोर बांधल्यासारखी झोपायचे, ह्यांनी हात हलवला तरी झोप तुटायची. त्या पारावर दोरच नव्हता. स्वप्नात एक पंखवाला माणूस माझ्या सॅन्डल घालून कुणाच्यातरी दारात उभा होता, आत कोण झोपलंय ते बघत. दार रुंद होतं.


इथले पाच, घरचे साडेसात

किल्ल्यांच्या आवाजानं जाग आली. काळ्या कपड्यातली, कमरेत वाकलेली बाई. ज्योत्स्ना तिच्यापुढं जाऊन उभी राहिली, आधी स्वतःचे तळवे दाखवले, मग खिडकीतून बूट दाखवले, मग हात जोडले. "इव्हदोकियाबाई, चूक झाली," असं सरळ मराठीत म्हणाली.

बाईनं आमचे सहा पाय बघितले. मग कपाळावर हात मारला आणि हसली, दात नसलेलं, पोटातून. कुलूप उघडून धावतच आत गेली. देवदूतापुढं उभी राहून दोन शब्द बोलली, जसं घरातल्या मोठ्या माणसाला सांगावं, आणि ज्योत्स्नाचे बूट घेऊन आली. एवढंच. मागितले, मिळाले.

बिल्किसनं मान हलवून नको म्हटलं. बाईला कळलं. तिनं बिल्किसचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि स्वतःच्या पायातल्या सपाता काढून तिच्यापुढं सरकवल्या.

मी उंबऱ्यात उभी होते. बाई माझ्या सॅन्डल घेऊन माझ्यापुढं आली, हवं की नको अशी भुवई उचलून.

आणि मला एकदम सोपं वाटलं. मागता येतं तर. मला घरातली माझी खुर्ची दिसली, ह्यांच्या उशाशी ठेवलेली. ती रिकामी दिसली आणि मला ते सहन झालं नाही. मी सॅन्डल घेतल्या, हातातच ठेवल्या आणि वसूला फोन लावला. रेंज होती.

"वसू, नको नेऊस ह्यांना," मी म्हणाले. "मी विचार केला. मीच बघते. चार दिवसांत येते मी."

पलीकडं वसूनं दार लोटल्याचा आवाज आला.

"वसू?"

"वहिनी," ती म्हणाली, "मी तुला सरळ सांगायला हवं होतं. मी त्याला विचारलं नाही गं. त्यानंच मला विचारलं. जूनमध्ये आले होते ना, तेव्हा. पाटीवर लिहिलं, डाव्या हातानं. तुझ्याकडे येऊ का."

"जूनमध्ये?"

"तुला सांगू नको म्हणाला. तू गेलीस त्या संध्याकाळी बॅग भरायला बसला. मला हात लावू दिला नाही. तीन दिवस भरत होता."

माझ्या पायाखाली लादी गार होती. एवढं आठवतं.

"का म्हणून?" मी विचारलं. "मी काय कमी केलं?"

"वहिनी, जाऊ दे ना."

"काय लिहिलं त्यांनी, वसू?"

"लिहिलं होतं, तिचा चेहरा बघवत नाही."

बाहेर ज्योत्स्ना बिल्किसला सपाता कशा दिसतात ते सांगत होती. दोघी हसत होत्या. मला राग आला. किती वर्षांनी आला म्हणून मी त्याला ओळखलंही नाही आधी. सहा वर्षं मी त्या माणसाच्या तोंडात घास घातला होता, आणि त्यांना माझा चेहरा बघवत नव्हता.

"फोन दे त्यांना."

"बोलेल का, माहीत नाही. आता—"

"दे."

खडखड. उशी सरकल्याचा आवाज मी कुठूनही ओळखेन. मग श्वास.

"बॅग भरली म्हणे," मी म्हणाले.

"हं."

"चष्मा घेतला?"

"हं."

"दुसरा? वाचायचा?"

थांबून, "हं."

"लोकरीची टोपी? बेळगावला गार असतं."

"हं."

"आणि मला सांगावंसं वाटलं नाही?"

श्वास. हे शब्द शोधतात तेव्हा त्यांचा डावा हात चादरीवर फिरतो. तो फिरलेला मला ऐकू आला, इतक्या लांबून.

"रडशील," हे म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "थकलीस."

मी दाराच्या चौकटीला टेकले. इव्हदोकियाबाई मागं मेणबत्त्या विझवत होती, एकेक, बोटांनी.

"जायचंय तुम्हाला?"

"हं."

"खरंच?"

"हं." ह्या वेळी लगेच.

माझं घड्याळ आठला पाच कमी दाखवत होतं. मला म्हणायचं होतं, मी आता काय करू? पण तोंडातून आलं ते भलतंच. लग्नाआधी, ह्यांची ड्युटी लोंढ्याकडं असायची तेव्हा, मी असं विचारलं असेन तर असेन.

"मी येऊ का मग? बेळगावला? भेटायला?"

पलीकडं वसू काहीतरी कुजबुजली, ह्यांनी तिला हूं करून गप्प केलं.

"शनिवारी," हे म्हणाले.

"शनिवारी येते. सकाळच्या गाडीनं." मला एकदम घाई झाली. "डबा आणते. तुमची मऊ खिचडी वसूला जमायची नाही, तिच्यात तूप—"

"डबा नको," हे म्हणाले. आणि मग, पुढचा शब्द सापडेपर्यंत मला थांबवून ठेवून, "तू."